आगोटीची तयारी: यंदा एप्रिलपासूनच लागायचं का?

ओटीवरची | 4 एप्रिल, रात्री 9.40

नमस्कार मंडळी. तीन वर्षांपूर्वी ठाण्याचं बिऱ्हाड गुंडाळून आम्ही गुहागरजवळ सासरच्या घरी राहायला आलो हे जुन्या लोकांना माहीत आहेच. कौलारू घर, जांभ्याच्या भिंती, मागे विहीर आणि थोडी बाग. पहिली दोन वर्षं आगोट, म्हणजे पावसाळ्याआधीची डागडुजी आणि साठवण, सासूबाईंच्या हातात होती, मी फक्त हाताखाली. मागच्या वर्षी त्यांचे गुडघे गेले आणि सगळं माझ्याकडे आलं, आणि मी आपली निवांत, मृग 7-8 जूनला लागतो म्हणजे मे अखेरपर्यंत वेळ आहे असं धरून बसले. आणि 2025 चा पाऊस आठवतोय ना? 20-21 मेपासूनच धो धो, आणि 25 मेला तर हवामान खात्याने मान्सून आला म्हणून सांगूनही टाकलं. अजून रोहिण्याही निघायच्या होत्या हो!

झालं काय तर आमसुलं तिसऱ्या पुटावर होती ती तशीच बुरसली, पोह्याचे पापड अर्धे सुकलेले ते घरात पंख्याखाली आणले तर त्यांना लव आली, लाकूडफाटा अंगणातच होता तो भिजला आणि न्हाणीच्या चुलीत जून-जुलै नुसता धूर. कौलं परतायला येणारा गडी म्हणाला आता ओल्यावर चढणार नाही, म्हणजे चार महिने माजघरात तीन पातेली आणि एक परात. सासूबाई एक अक्षर बोलल्या नाहीत, फक्त पातेलं भरलं की "भरलं हो" एवढंच सांगायच्या. ते जास्त लागलं.

तर यंदा शहाणपण म्हणून आत्ताच विचारते. कुठलं काम आधी, कुठलं नंतर? आणि जुन्या आगोटीतलं काय आजही करण्यासारखं आहे आणि काय नुसतं सवयीने चाललंय? घरात माणसं पाच, पैसा बेताचा.

मुलुंडकर_मी | 4 एप्रिल, रात्री 10.15

"भरलं हो" :हाहा:

वाचतेय. आमची आगोट म्हणजे छत्री शोधणे.

दापोलीचे_तात्या | 5 एप्रिल, सकाळी 6.20

आधी छप्पर. बाकी सगळं नंतर. घर गळत असेल तर डब्यातलं धान्य, गाद्या, लाकडं, काही टिकत नाही. गडी आत्ताच सांगून ठेवा, मे महिन्यात तो कोणाच्याच हाती लागत नाही, सगळ्या वाडीला तो एकच असतो.

कौलं परतताना नुसती फुटकी बदलून खाली उतरू देऊ नका. मंगलोरी कौलाच्या खाचेत वर्षभराचा पाला आणि धूळ बसते, त्यात ओल धरून पाणी मागे चढतं आणि मग कौल धड असून घर गळतं. एकेक कौल उचलून खाच ब्रशने साफ करायची. रिपा हाताने दाबून बघायच्या, वाळवी लागलेली रीप वरून छान दिसते. पन्हळ साफ करा. आणि अंगणात पन्नासेक जादा कौलं रचून ठेवा, कारण पावसात माकडं नाचणार आणि फोडणार हे ठरलेलं.

कौलाखाली विंचू असतो. गड्याला हातमोजे द्या. पूर्वी कोकणात विंचू चावून माणसं पटापट जायची, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला तेव्हापासून ते बरंच थांबलं, पण त्यासाठी वेळेत दवाखान्यात पोचावं लागतं, मांत्रिकाकडे नाही. फुरशाचंही (विषारी साप) तेच. लाकडाची रास घराच्या भिंतीला टेकून रचू नका, दोन हात लांब आणि खाली दगड ठेवून त्यावर रचा. आमच्याकडे भिंतीलगतच्या राशीत दोनदा फुरसं निघालंय.

गच्चीतली_बाग | 5 एप्रिल, सकाळी 11.02

तात्या +1. मी पुण्यातली, त्यामुळे कौलांचं कळत नाही पण गच्चीचं सांगते. पावसाआधी माझी तीन कामं असतात. कुंड्यांखालच्या ताटल्या काढून टाकणे (डासांची अंडी, आणि मुळं सडतात ते वेगळंच), प्रत्येक कुंडीचं खालचं भोक तारेने मोकळं करणे, आणि वरच्या मातीवर वाळक्या पानांचा जाड थर देणे म्हणजे सरी थेट मातीवर आपटत नाहीत. पानं मी सोसायटीच्या झाडूवाल्या मावशींकडून घेते, त्या जाळणार होत्या ती मी पोत्यात भरून ठेवते. गेली सहा वर्षं बाहेरून खत आणलेलं नाही.

आणि एक, कुंड्या गच्चीच्या मधोमध मांडू नका. ओली माती फार जड असते, एक घनफूट म्हणजे पंचेचाळीस-पन्नास किलो धरा. भिंतींच्या आणि तुळयांच्या वर ठेवा.

ओटीवरची, तुझ्याकडे जमीन आहे गं, तू वेल लाव! मांडव आत्ताच घालून ठेव.

ओटीवरची | 5 एप्रिल, दुपारी 2.30

तात्या, गड्याला आजच निरोप धाडला. 18 तारखेचा वायदा केलाय.

गच्चीतली_बाग, वेल लावते गं पण माकडं. मागच्या वर्षी पडवळ वीतभर झालं की गेलंच. काकडीला तर फूल पण ठेवलं नाही.

दापोलीचे_तात्या | 5 एप्रिल, दुपारी 3.10

माकडांच्या नादी लागून भाजी सोडू नका. कारली लावा, हळद लावा, आलं, सुरण, अळू लावा. जमिनीच्या पोटात असतं किंवा कडू असतं किंवा खाजतं, त्याला माकड सहसा हात लावत नाही. आमच्या दापोलीच्या विद्यापीठाचं कोकण तारा कारलं छान येतं, बियाणं तिथेच मिळतं. पडवळच लावायचं तर कोकण श्वेता, पण ते घराच्या अगदी जवळ, ओटीवरून दिसेल असं, आणि कुत्रा हवा.

खान्देशकन्या | 5 एप्रिल, संध्या. 7.45

आगोट हा शब्दच मला लग्नानंतर कळला. आमच्याकडे नुसतं "उन्हाळकाम" म्हणतात. कुरडया, शेवया, बिबड्या, खारोड्या. आमचं ऊन इतकं कडक की सकाळी टाकलेलं संध्याकाळी कडकडीत, त्यामुळे तुम्हा कोकणातल्या लोकांची पुटं वगैरे वाचून दया येते.

ओटीवरची, तुमच्याकडे हवेत दमटपणा आहे तर कुरडया मार्चच्या शेवटी-एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच उरकायच्या. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, चौथ्या दिवशी वाटून चीक काढायचा, रात्रभर ठेवून वरचं पाणी ओतून द्यायचं. वरचं पाणी पूर्ण काढलं नाही तर चीक घेरताना गाठी होतात. आणि तो चीक गरम गरम तूप-साखर घालून खायचा हे या सगळ्या कामाचं खरं कारण आहे, कुरडया हा बहाणा. आम्ही बहिणी वाटीसाठी भांडायचो, आई शेवटी पातेलंच मधे ठेवायची.

मुलुंडकर_मी | 5 एप्रिल, रात्री 11.20

माझा वेगळा प्रश्न. मी वर्षाचे नाही पण चार महिन्यांचे तांदूळ, गहू आणि तूरडाळ भरते, पावसात भाव चढतात म्हणून. दर वर्षी ऑगस्टमध्ये पोरकिडे. शेजारच्या काकू बोरिक पावडर लावतात, दुकानदार म्हणाला एक पुडी टाका, एक किडा राहणार नाही. काय करू?

खान्देशकन्या | 6 एप्रिल, सकाळी 8.05

ती पुडी कसली ते विचारा आधी! गोदामात धुरी द्यायच्या ज्या गोळ्या-पुड्या असतात (सेल्फॉस वगैरे) त्यातून फॉस्फीन वायू निघतो, बंद घरात त्याने माणसं मेली आहेत. ते घरात आणायचंच नाही, नंतर वारा देऊ वगैरे काही नाही. बोरिकचं पण मला पटत नाही, धुतलं तर तांदळाचं जातं, गहू काय दळायच्या आधी धुणार आहात का?

आमची पद्धत: गहू दोन दिवस कडक उन्हात, मग रात्रभर घरात पसरून पूर्ण गार करायचे आणि मगच कोठीत. गरम भरले तर आत घाम धरतो आणि तिथूनच सगळं सुरू होतं. किलोला चहाचा चमचाभर एरंडेल चोळायचं, तूरडाळीलाही तेच. कडुलिंबाचा पाला घालायचा तर सावलीत खडखडीत वाळलेला, ओला घालणारे लोक पाहिलेत मी, त्यापेक्षा नाही घातलेला बरा. मूग-मटकी-कुळथाला चाळलेली राख.

गच्चीतली_बाग | 6 एप्रिल, सकाळी 9.30

मुलुंडकर, फ्लॅटमध्ये ऊन नसेल तर पाच-पाच किलोच्या पिशव्या आळीपाळीने चार दिवस फ्रीजरमध्ये ठेव. अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, घरातल्या हवेइतकी होऊ द्यायची, नाहीतर पाणी सुटतं.

सहज_सुचलं | 6 एप्रिल, सकाळी 10.12

एक मत. हे सगळं करण्यात जो वेळ, गॅस आणि कंबर खर्च होते ते धरलं तर यात काटकसर कुठे आहे? पापड बचतगटाकडून घ्या, मटार-मका फ्रीजरमध्ये भरा, धान्य महिन्याचं महिन्याला आणा. आईच्या पिढीला पर्याय नव्हता म्हणून त्या करत होत्या. आपण त्याला संस्कृती म्हणतोय.

दापोलीचे_तात्या | 6 एप्रिल, सकाळी 10.40

3 जून 2020. निसर्ग वादळ. आमच्याकडे लाईट आली बाविसाव्या दिवशी. फ्रीजर पुरला परसात.

सहज_सुचलं | 6 एप्रिल, सकाळी 10.55

तात्या, मान्य. कोकणापुरतं मान्य. पण मुलुंडला कशाला?

ओटीवरची | 6 एप्रिल, दुपारी 1.15

सहज_सुचलं, तुमचं अर्धं मला पटतं आणि म्हणूनच धागा काढला. मी मागच्या दोन वर्षांचा हिशेब मांडून बघितला. पापड आणि कुरडया घरी करण्यात आमची बचत जवळजवळ शून्य, उडीद विकत, तेल विकत, वर दोन बायकांना मजुरी. ते यंदा बंद, वाडीतल्या गटाकडून घेणार, त्यांनाही चार पैसे. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या "पोह्याचे तेवढे करू". बरं. पोह्याचे करू.

पण आमसुलं, आठळ्या (फणसाच्या बिया), फणसपोळी, चिंच, सरपण, हे सगळं आवारातलं आहे, त्याला फक्त हात लागतात. न्हाणीची चूल चार महिने नारळाच्या सोडणांवर आणि करवंट्यांवर चालली की दोन-अडीच सिलिंडर वाचतात आमचे. आणि सुकी मासळी. 1 जूनपासून यांत्रिक होड्या बंद, त्यानंतर दोन महिने ताजं मिळालं तर खाडीचं किंवा फार महाग. त्यामुळे सोडे, बोंबील, जवळा मेच्या पहिल्या आठवड्यात घ्यायचा म्हणजे घेऊन परत दोन दिवस आपल्या अंगणात तापवायला मिळतो. बाजारातला सुका म्हणून घेतलेला बोंबील मधून ओला असतो हो, वाकवून बघायचा, तटकन मोडला पाहिजे.

आठळ्यांचं विचारलं नाही कोणी पण सांगते. धुऊन सावलीत वाळवायच्या, मग लाल मातीत कालवून माठात किंवा नुसत्या कोपऱ्यात ढीग करून वरून माती लिंपायची. गणपतीपर्यंत राहतात. श्रावणात भाजी नसेल तेव्हा मूठभर काढायच्या, चुलीत भाजायच्या.

मुलुंडकर_मी | 6 एप्रिल, दुपारी 4.00

आठळ्या! माझी आजी पत्र्याच्या डब्यात वाळूत ठेवायची. मी लहानपणी त्यात हात घालून खेळायचे आणि मार खायचे.

आमसुलांची पुटं म्हणजे नक्की काय ते लिही ना.

ओटीवरची | 6 एप्रिल, रात्री 9.50

पिकलेले रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडून बिया आणि गर वेगळा काढायचा. गराला मीठ लावून ठेवलं की रस सुटतो. साली उन्हात टाकायच्या, संध्याकाळी त्या रसात बुडवून निथळायच्या, सकाळी परत उन्हात. असं एकदा केलं की एक पूट. पाच-सहा पुटं झाली की आमसूल असं काळंभोर, मऊ, बोटाला चिकटेल न चिकटेल असं होतं. बाजारात जे लालसर पातळ मिळतं त्याला बहुतेक दोन-तीनच पुटं असतात. बिया टाकायच्या नाहीत, वाळवून ठेवायच्या, त्यांचं कोकमतेल निघतं, पावसात भेगाळलेल्या पायांना तेच.

अडचण अशी की रातांबा पिकतो एप्रिल-मेमध्ये, निम्मा तर मेच्या शेवटी, आणि पुटांना हवेत सलग सात-आठ दिवस ऊन. म्हणजे पाऊस पंधरा दिवस आधी आला की झाडावर लाल फळं लटकलेली आणि आपण हात चोळत. यंदा ठरवलंय की 10 मेपर्यंत जेवढे उतरतील तेवढ्यांची आमसुलं, त्यानंतरच्याचं सरळ आगळ करायचं. रसात भरपूर मीठ, बाटली भरली, ऊन लागत नाही.

दापोलीचे_तात्या | 7 एप्रिल, सकाळी 6.05

बरोबर ठरवलंत.

विहिरीचं राहिलं. गाळ मेमध्ये पाणी खाली असताना काढून घ्या. पहिले दोन-चार पाऊस पडले की पाणी गढूळ होतं आणि वाडीत जुलाब सुरू होतात. टीसीएल (ब्लीचिंग) पावडर ग्रामपंचायतीकडे मिळते पण लोक अंदाजाने ओंजळभर फेकतात. मोजून टाका. गोल विहिरीचा व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली (सगळं मीटरमध्ये) गुणिले 0.785, म्हणजे किती हजार लिटर ते कळतं. हजार लिटरला अडीच ग्रॅम. तीन मीटर व्यास आणि दोन मीटर पाणी असेल तर चौदा हजार लिटर, म्हणजे पस्तीस ग्रॅम. बादलीत कालवून दहा मिनिटं थांबायचं, खाली चुना बसतो, वरची निवळ फक्त विहिरीत सोडायची. तासभर पाणी काढायचं नाही. रात्री केलेलं उत्तम. पावडर ताजी हवी, उघड्या पिशवीतली जुनी असेल तर तिच्यात दम राहत नाही.

गच्चीतली_बाग | 7 एप्रिल, सकाळी 10.20

हे सेव्ह करून ठेवलंय. तात्या, वेगळा धागा काढा ना विहिरीवर.

ओटीवरची, पन्हळ दुरुस्त करतेच आहेस तर तिच्या तोंडाशी पिंप ठेव. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. तुझ्या एका बाजूचं छप्पर चाळीस चौ.मी. असलं तर दहा मिलिमीटरच्या सरीत चारशे लिटर! दोनशे लिटरचं पिंप अर्ध्या सरीत भरतं. पहिल्या दोन-तीन पावसांचं पाणी सोडून द्यायचं, त्यात माकडं-कावळ्यांची घाण असते. मग कपडे, भांडी, लादी सगळं त्यावर. वर मच्छरदाणीचं कापड ताणून बांध.

ओटीवरची | 7 एप्रिल, दुपारी 12.40

अगं कोकणात पावसाळ्यात पाण्याला कोण विचारतं, आमची बोंब मेमध्ये असते. पण लाईट गेली की पंप बंद आणि मग विहिरीवरून कळश्या. त्या हिशेबाने पिंप पाहिजेच. बघते, गुरांच्या पेंडीवाल्याकडे निळी पिंपं असतात.

सहज_सुचलं | 7 एप्रिल, दुपारी 1.05

औषधाची किंवा रसायनाची नसावीत एवढं बघून घ्या.

(मी वाचतोय बरं का. भांडायला आलो नव्हतो.)

ओटीवरची | 24 एप्रिल, रात्री 10.30

खबरबात. गडी 18 ला आला नाही, 20 ला आला. तात्या म्हणाले तसं खाच साफ करून घेतली. माजघरावरची तीन पातेल्यांची जागा, तिथलं एकही कौल फुटलेलं नव्हतं! नुसता पाला. तीन वर्षं आम्ही कौलं बदलत होतो. एकूण फुटकी निघाली एकतीस, विंचू दोन, आणि वाशावर नवऱ्याचा विटीदांडू.

लाकडं आत गेली, दगडावर, भिंतीपासून लांब. पश्चिमेच्या पडवीला झडीसाठी झापं विणून घेतली, मेणकापड दर वर्षी फाटतं आणि जाताना तुकडे अंगणभर टाकून जातं, त्यापेक्षा माडाच्या झावळ्या फुकट आहेत. विणायला सासूबाई बसल्या खुर्चीत, मला एक झाप जमेपर्यंत त्यांची चार. हळद आणि सुरणाचे वाफे केले. गोधड्या धुतल्या. पोह्याचे पापड झाले, दोन किलोचे म्हणत पाच किलोचे झाले, वाडीतल्या बायका जमल्या की काय थांबतं.

खान्देशकन्या | 24 एप्रिल, रात्री 10.48

पाच किलो :फिदी: बचतगटाचं काय झालं?

ओटीवरची | 24 एप्रिल, रात्री 10.52

उडदाचे त्यांच्याकडूनच घेतले. हिशेब चुकला आहे, मला माहीत आहे, कोणी विचारू नका.

मुलुंडकर_मी | 9 मे, दुपारी 3.35

माझे गहू खान्देशी पद्धतीने भरले, गॅलरीतल्या दीड फूट उन्हात. तांदूळ फ्रीजरमध्ये पाळीपाळीने चाललाय, नवरा आइसक्रीम कुठे ठेवू विचारतो.

ओटीवरची, आमसुलं विकणार का? अर्धा किलो तरी. पाच पुटांची.

ओटीवरची | 9 मे, दुपारी 3.50

देते गं, विकायची कसली. चौथं पूट आज चाललंय, अंगणभर पसरलेत, आणि आत्ता वारा पडलाय, गुहागरच्या बाजूने आभाळ भरून

ओटीवरची | 9 मे, संध्या. 6.20

गोळा केले सगळे. पाच थेंब पडले आणि गेला मेला. परत पसरते उद्या.